बोरू, शिळा आणि संगणक : कातिबांच्या व्यवसायाची कहाणी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत संस्थेच्या जुन्या स्मरणिका कपाटातून काढून त्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. आपल्या स्मरणिकेची ठेवण प्रथमपासून एकच आहे. डावीकडून उघडल्यास मराठी व इंग्रजी विभाग, उजवीकडून उघडल्यास उर्दू विभाग. १९९० पूर्वीचा कोणताही अंक घेतला तर उर्दू विभागाच्या शेवटच्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक नाव सापडते आणि त्याच्या आधी ‘कातिब’ हा शब्द. पुढे केव्हातरी ते नाव गेले आणि त्या जागी ‘कंपोझिंग’ असे लिहून मोमिनपुऱ्यातील एका दुकानाचा पत्ता येऊ लागला. अलीकडच्या दोन-तीन अंकांत तोही नाही.

मी इतिहास शिकवतो. इयत्ता नववीच्या वर्गात सहज विचारले, “कातिब म्हणजे कोण?” पन्नासपैकी चार हात वर झाले. त्यांतला एक जण म्हणाला, “सर, ते आडनाव असते.” ज्या मुलांच्या आजोबांनी शाळेचे पुस्तक, निकाहाचे निमंत्रण आणि रोजचे वर्तमानपत्र, सारे काही कातिबाच्या हातचे वाचले, त्या मुलांना हा शब्द आडनाव वाटावा ह्याचे मला नवल वाटले, आणि थोडे वाईटही वाटले. म्हणून ही कहाणी लिहावयास घेतली. संगणकाने जुने धंदे कसे उलथून टाकले ह्यावर हल्ली पुष्कळ बोलले जाते. पण ते बहुधा अमेरिकेतल्या कंपन्यांविषयी असते. आपल्या मोहल्ल्यातच घडलेले उदाहरण हाताशी असताना इतके दूर जाण्याचे कारण नाही.

प्रथम लिपीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. उर्दू ज्या वळणात लिहितात त्याला नस्तालीक म्हणतात. हे वळण इराणात चौदाव्या शतकात घडले आणि मीर अली तब्रीझी यांनी ते सिद्ध केले असे परंपरा मानते. अरबी ग्रंथांचे नस्ख वळण सरळ रेषेवर चालते. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे तिरपा उतरत येतो, जणू जिना उतरणारा माणूस. शिवाय अक्षर एकटे असताना जसे दिसते तसे ते शब्दात राहत नाही. शेजारी कोण आहे ते पाहून ते रूप बदलते. ‘बे’ हे एकच अक्षर ‘जीम’च्या आधी एक रूप घेते, ‘मीम’च्या आधी दुसरे, ‘रे’च्या आधी तिसरे. नुक्ते कोठे बसवायचे हेही जागा पाहून ठरवावे लागते. हाताने लिहिणाऱ्याला ह्यात काही अडचण नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातालाच ते कळू लागते. अडचण आली ती छापखान्याला.

छापखान्याचा खिळा म्हणजे शिशाचा चौकोनी ठोकळा. त्याच्या डोक्यावर एक उलटे अक्षर. असे ठोकळे एकाशेजारी एक लावून जुळारी ओळ तयार करतो. जिना उतरणारे अक्षर सपाट ओळीत उभ्या ठोकळ्यांवर कसे बसणार? इंग्रजांनी प्रयत्न केला नाही असे नाही. बंगालमध्ये चार्ल्स विल्किन्स यांनी १७८० च्या सुमारास नस्तालीकचे खिळे ओतले. १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले आणि तेथील उर्दू पुस्तके अशा खिळ्यांनी छापली गेली. पुस्तके मोठ्या मोलाची होती, पण पान पाहिले की अक्षरांचे सांधे निखळल्यासारखे दिसत. वाचकाने ते मनापासून स्वीकारले नाही.

मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगण्यासाठी मोडीचे उदाहरण पुरेसे आहे. पेशव्यांचे दप्तर मोडीत, सावकाराची वही मोडीत, गावच्या पाटलाचा कागद मोडीत. तीही धावती, हातासाठी जन्मलेली लिपी. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मोडीचे खिळे ओतले आणि विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी शब्दकोश त्यांत छापला. परंतु पुढे मराठी छपाईने बाळबोध, म्हणजे देवनागरीच पत्करली. जावजी दादाजी यांच्या मुंबईतील निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्याला जे सौंदर्य दिले त्यानंतर तर प्रश्नच मिटला. मोडी दप्तरापुरती उरली आणि स्वातंत्र्यानंतर शाळांतूनही गेली. म्हणजे लिपी आणि यंत्र ह्यांचे जुळले नाही तेव्हा मराठी माणसाने यंत्र ठेवले आणि लिपी सोडली. उर्दू वाचकाने नेमके उलटे केले. त्याने लिपी ठेवली आणि यंत्र परत पाठविले.

हे त्याला परवडले ते एका दगडामुळे. म्युनिकच्या आलोइस सेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शिळाछापाचा शोध लावला. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, एवढेच त्याचे रहस्य. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने मजकूर उमटवायचा, दगड ओला करायचा आणि वरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त तेलकट अक्षरांना चिकटते. १८२० च्या दशकात ही कला हिंदुस्थानात आली. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापले ते प्रसिद्धच आहे. पण मराठीला शिळाप्रेस ही वाटेतली एक पायरी होती. उर्दूला ते घरच मिळाले. मौलवी मुहम्मद बाकिर यांचा ‘दिल्ली उर्दू अखबार’ शिळाप्रेसवर निघे. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी बाकिर यांना ठार मारले. १८५८ मध्ये लखनौला मुन्शी नवलकिशोर यांचा छापखाना सुरू झाला आणि त्याने उर्दू, फारसी, अरबी, संस्कृत ग्रंथांचा अक्षरशः पूर आणला. ह्या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी कातिब होता.

त्याचे काम कसे चाले, हे मी आमच्या मोहल्ल्यातील एका वृद्ध कातिबांकडून ऐकले आहे. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत; आम्ही त्यांना चाचा म्हणतो. खळ चढवलेला पिवळसर कागद, त्यावर तेलकट रोशनाई, आणि हातात बोरू. बोरूचे टोक तिरपे छाटतात त्याला कत म्हणतात. कत बिघडला की अक्षर बिघडले. अक्षराचे माप फूटपट्टीने घ्यायचे नाही. त्याच बोरूने टेकवलेल्या नुक्त्यांनी घ्यायचे, अमुक अक्षर इतके नुक्ते उंच, तमुक इतके नुक्ते रुंद. शीर्षकाला जाड कलम, त्याला जली म्हणत. मजकुराला बारीक कलम, ती खफी. लिहिलेला कागद दगडावर पालथा घालून दाबला की अक्षरे उलटी उमटत आणि छापल्यावर सुलटी होत. पुढे दगड गेला, जस्ताचा पत्रा आला, त्यानंतर ऑफसेट आले. ह्या प्रत्येक बदलात कातिबाचे काही बिघडले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ऑफसेटमध्ये तर त्याने लिहिलेल्या पानाचा फोटोच काढायचा. म्हणजे इतरांना जुने करणारे नवे यंत्र त्याला सोयीचेच ठरले.

चाचांनी चौदाव्या वर्षी उस्तादांपुढे बसून तख्ती लिहिण्यास सुरुवात केली. पहिले सहा महिने फक्त ‘अलिफ’ आणि ‘बे’. नंतर उस्तादांच्या पानांतली रिकामी जागा भरणे, रेघा आखणे, चुका खरवडणे. आणि मग कधीतरी एखाद्या कोपऱ्यातली जाहिरात. पैसे पानावर मिळत. मुंबईच्या ‘इन्किलाब’सारख्या मोठ्या दैनिकांत (ते १९३८ मध्ये निघाले) कातिबांची फळीच लागे, कारण रोजचे प्रत्येक पान कोणीतरी बसून लिहिल्याशिवाय निघणार कसे? रात्री उशिरा बातमी आली तर लिहिलेले कापून नवे चिकटवायचे. नागपूर-कामठीकडे एवढी मोठी वृत्तपत्रे नव्हती; येथे कातिबाला साप्ताहिके, मुशायऱ्यांची भित्तिपत्रके, लग्नपत्रिका, मदरशांची पावतीपुस्तके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका ह्यांवर संसार चालवावा लागे. वार्षिक परीक्षा जवळ आली की चाचांच्या दारावर मुलांनी घुटमळू नये म्हणून ते आतून कडी लावून लिहीत, अशी आठवण माझे वडील सांगतात.

ह्या व्यवसायावर टीका करणारे आपल्यातच होते, आणि ते लहान माणसे नव्हते. सर सय्यद अहमद खान यांनी १८६६ पासून काढलेले अलीगढचे ‘गॅझेट’ खिळ्यांनी छापले जाई. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ काढला तोही नस्ख वळणाच्या खिळ्यांत. दोघांचेही म्हणणे वाजवी होते. कातिब संथ, कातिब महाग, कातिबाची चूक दुरुस्त करणे कठीण; जगाबरोबर चालायचे तर खिळा पाहिजे. वाचकांनी सर सय्यद यांचे विचार वाचले, मौलाना आझादांच्या शैलीवर तर ते लुब्ध झाले. पण अक्षराच्या बाबतीत दोघांचेही ऐकले नाही. पुढील दोन पिढ्या उर्दू दैनिके हातानेच लिहिली गेली. मला स्वतःला ह्यात वाचकाचा हटवादीपणा दिसतो आणि त्याबरोबर एक प्रकारची शानही दिसते. पण ह्या शानेची किंमत मोजावी लागली. पुस्तके कमी निघाली, कोश आणि शास्त्रीय ग्रंथ रखडले, पानांची संख्या वाढविणे अवघड गेले. ते विसरून चालणार नाही.

आता प्रश्न असा की, सर सय्यद आणि मौलाना आझाद यांच्यासारख्यांना जे जमले नाही ते संगणकाला वीस वर्षांत कसे जमले?

धंदा उलटण्याचे एक उदाहरण नागपूरकरांना घरचे आहे. मोमिनपुरा हे नावच विणकरांचे. १८५७ नंतर उत्तरेकडून अनेक मोमिन कुटुंबे नागपूर, कामठी, मालेगाव, भिवंडी ह्या बाजूस आली आणि हातमागावर बसली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. गिरणीचे सूत स्वस्त, म्हणून हाताने सूत कातणे मागे पडले. विणकर मात्र तेच सूत घेऊन मागावर तग धरून राहिला, कारण त्याच्या लुगड्याच्या काठाची बरोबरी करणे गिरणीला सहज शक्य नव्हते. पुढे यंत्रमाग आला. बदल खरा होता, पण त्याचे धुराडे दुरून दिसत होते. बापाने पाहिले, मुलाने पाहिले, नातू गिरणीत लागला. आणि अखेर २००२ मध्ये ती गिरणीही बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे.

अशा उलथापालथीचा अभ्यास हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी केला आणि १९९७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रस्थापित धंद्याला पाडणारे नवे तंत्र आरंभी कमी प्रतीचे असते. चांगले गिऱ्हाईक त्याकडे ढुंकून पाहत नाही. ज्याला चांगले परवडत नाही तोच ते घेतो. जुने धंदेवाईक म्हणतात, जाऊ द्या, ते गिऱ्हाईक आपले नव्हतेच. मग नवे तंत्र सुधारत सुधारत वर चढते आणि जुन्याला जागे व्हायला उशीर होतो. गिरणीचे जाडेभरडे कापड आणि हातमाग ह्यांना हा नियम पुष्कळ अंशी लागू पडतो. खिळ्याची गोष्टही अशीच घडावयास हवी होती. खिळा कमी प्रतीचा होता, स्वस्त होता. पण तो वर चढलाच नाही, कारण चौकोनी ठोकळ्याला कितीही सुधारले तरी तो ठोकळाच राहतो.

संगणक ठोकळा नव्हता. १९७९ मध्ये कराचीचे एक मुद्रक मिर्झा अहमद जमील सिंगापूरला मुद्रणयंत्रांचे प्रदर्शन पाहण्यास गेले. ते स्वतः सुलेखनकार, आणि त्यांचे वडील नूर अहमद हेही सुलेखनकार. तेथे इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीचे लेसरकॉम्प नावाचे यंत्र चिनी मजकूर छापताना त्यांनी पाहिले. चिनी लिपीत अक्षरे मोजकी नाहीत, हजारो चिन्हे आहेत. यंत्र ती सारी साठवून ठेवते आणि मागेल ते चिन्ह काढून देते. जमील यांच्या मनात आले की यंत्र चिनी भाषेची हजारो चिन्हे सांभाळते तर उर्दूचे हजारो अक्षरसंयोग का सांभाळणार नाही? एकेक अक्षर जुळवण्याचा नादच सोडायचा. ‘बे-जीम’, ‘बे-मीम’, ‘बे-रे’ अशी पूर्ण जुळलेली रूपे कातिबाने जशी लिहिली तशीच साठवायची. त्यांनी वीस हजारांच्या आसपास अक्षरसंयोग आपल्या हाताने लिहिले आणि मोनोटाइपच्या तंत्रज्ञांच्या सहकार्याने ते यंत्रात घातले. त्या अक्षराला वडिलांच्या नावावरून ‘नूरी नस्तालीक’ असे नाव दिले. १ ऑक्टोबर १९८१ रोजी ‘जंग’ दैनिकाची लाहोर आवृत्ती ह्या अक्षरात निघू लागली.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. खिळ्याने वाचकाला सांगितले होते, “तुझी आवड सोड.” संगणकाने असे काहीच मागितले नाही. त्याने एका उस्तादाच्या हाताची वीस हजार वळणे उचलली आणि वाचकापुढे ठेवली. वाचकाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. सकाळी आलेले पान तसेच होते, उलट जास्त स्वच्छ होते. म्हणूनच विरोध झाला नाही. पूर्वीच्या यंत्रांपुढे हाताचे कौशल्य हे कातिबाचे चिलखत होते. ह्या खेपेस तेच कौशल्य यंत्रात गेले, आणि ते तेथे नेणारा परका इंजिनिअर नव्हता, कातिबाच्याच घरातला माणूस होता. माझ्या मते संगणकाने आणलेली उलथापालथ पूर्वीच्यापेक्षा निराळी आहे ती ह्याच ठिकाणी.

तरीही १९८१ साली आपल्याकडचा कातिब निश्चिंत होता आणि त्याचे कारणही होते. लेसरकॉम्प हे प्रचंड किमतीचे यंत्र. लाहोरचे मोठे दैनिक ते घेईल, नागपूरचे साप्ताहिक कोठून घेणार? त्या काळात मराठी जुळाऱ्यांवर मात्र कुऱ्हाड कोसळू लागली होती; फोटोटाइपसेटिंग आले, मागोमाग संगणकावरची जुळणी आली आणि खिळ्यांच्या पेट्या भंगारात गेल्या. शेजारच्या मराठी छापखान्यातला जुळारी बेकार झालेला पाहून चाचांना वाईट वाटे. स्वतःविषयी भीती वाटत नसे. “खिळा आम्हांला शिवला नाही, मग हे काय शिवणार,” असे ते म्हणत. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त तो मागच्या यंत्रावरून मांडलेला होता.

१९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर ह्या संस्थेने ‘इनपेज’ नावाची प्रणाली काढली. नूरी नस्तालीक आता साध्या, टेबलावरच्या संगणकावर चालू लागले. मोठ्या दैनिकापासून गल्लीतल्या लग्नपत्रिकेच्या दुकानापर्यंत सर्वांना ते आवाक्यात आले. (त्या प्रणालीच्या रीतसर विकत घेतलेल्या प्रती किती आणि अशाच एकमेकांना दिलेल्या किती, हा विषय येथे न काढलेला बरा.) उर्दू छपाईने खिळ्याची संपूर्ण पायरी गाळली आणि बोरूवरून थेट संगणकावर उडी घेतली. मराठी छपाईला खिळ्यांच्या मार्गाने दीडशेहून अधिक वर्षे चालावे लागले. मागासलेली म्हणून हिणवली गेलेली उर्दू कातिबी एका उडीत तिच्या बरोबरीला येऊन बसली. मद्रासचे ‘मुसलमान’ हे १९२७ मध्ये निघालेले दैनिक अगदी अलीकडच्या काळापर्यंत कातिबांच्या हातचे निघत राहिले, पण ते अपवाद म्हणून जगभर गाजले.

पाच-सात वर्षांत काम आटले. प्रथम मजकूर गेला. शीर्षके काही दिवस कातिबाकडे राहिली, कारण संगणकाच्या मोठ्या अक्षरांत जीव नाही असे संपादकांना वाटे. मग शीर्षकेही गेली. ह्यात कोण बुडाले, हे नीट पाहिले पाहिजे. जे खरोखर थोर सुलेखनकार होते त्यांना मशिदीच्या कमानी, पुस्तकांची मुखपृष्ठे, घरात लावण्याच्या आयती अशी कामे मिळत राहिली आणि आजही मिळतात. बुडाला तो मधला कातिब, जो रोज चार पाने लिहून घर चालवीत होता. आणि त्याहून मोठे नुकसान झाले ते ज्याची कोणी नोंद घेतली नाही अशा मुलाचे, म्हणजे कोपऱ्यातली जाहिरात लिहून हात तयार करणाऱ्या शागिर्दाचे. शिकाऊ हाताला मिळणारे लहानसहान काम संगणकाने सर्वांत आधी घेतले. शिडीची खालची पायरी काढून घेतल्यावर वरच्या पायरीवर पुढे कोण चढणार? कातिबीचे शिक्षण बंद पडले ते कोणी बंदी घातली म्हणून नव्हे.

चाचांच्या घरी काय झाले ते सांगतो. त्यांनी परवानगी दिली आहे, नावे मात्र देत नाही. थोरला मुलगा दोन वर्षे तख्ती लिहून कंटाळला आणि ऑटोरिक्षा चालवू लागला. धाकटी मुलगी दहावी झालेली. शतक बदलण्याच्या सुमारास राष्ट्रीय उर्दू परिषदेची (ही केंद्र सरकारची परिषद १९९६ मध्ये सुरू झाली) संगणक-शिक्षणाची केंद्रे निघाली होती. तिने अशाच एका वर्गाला नाव घातले. चाचा चार महिने तिच्याशी धड बोलले नाहीत. तिने कंपोझ केलेली पहिली लग्नपत्रिका त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “अक्षर माझ्यापेक्षा नेटके आहे. ओळ मात्र मेलेली आहे.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. कातिब ओळीत जागा उरली तर एखादे अक्षर ऐटीत लांबवतो, जागा कमी पडली तर शब्दावर शब्द चढवतो. संगणक नुसती मधली मोकळी जागा वाढवतो. तिने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच शेजारी खुर्चीवर बसवले. त्यानंतर पंधरा वर्षे बापलेकीचे दुकान चालले. आपल्या स्मरणिकेतला ‘कंपोझिंग’चा पत्ता त्यांचाच.

ह्या मुलीसारख्या अनेकींना संगणकाने काम दिले, ही ह्या कहाणीतली दुसरी बाजू. कातिबांच्या फळीत रात्रपाळीला स्त्रियांना जागा नव्हती. संगणकाला घराचा कोपरा चालला. मात्र दुकाने उघडली ती पुष्कळांनी, आणि टिकली थोड्यांचीच. ज्याला फक्त कळफलक येत होता तो भाव पाडून काम घेई आणि चुका करी. चाचांच्या मुलीला इम्ला येत होता, म्हणजे कोणता शब्द कोणत्या अक्षरांनी लिहायचा ह्याचे ज्ञान. ते तिला वर्गात मिळालेले नव्हते. वडिलांची पाने वाळत घालताना लहानपणी मिळाले होते.

परंतु संगणक एकदा येऊन थांबला नाही. गिरणी आली ती सव्वाशे वर्षे तशीच उभी राहिली. इनपेजच्या दुकानाला जेमतेम वीस वर्षे मिळाली. आरंभी संकेतस्थळांवर आणि भ्रमणध्वनीवर नस्तालीक दिसत नसे. उर्दू दैनिके पानाचे चित्रच चढवीत, आणि आमची पिढी उर्दू निरोप रोमन लिपीत पाठवी. २०१४ मध्ये गूगलने ‘नोटो नस्तालीक’ हे अक्षर सर्वांसाठी मोफत खुले केले. त्याच वर्षी युनिकोड ह्या जागतिक अक्षरसूचीत आपल्या मोडीलाही स्थान मिळाले. खिळ्याने जिला नाकारले तिला संगणकाने परत बोलावले, पण तोपर्यंत तिचे वाचक उरले नव्हते. उर्दूचे वाचक मात्र होते. आता कोणीही मोबाइलवर बोलतो आणि नस्तालीक आपोआप उमटते. निकाहाचे निमंत्रण चित्र होऊन व्हॉट्सॲपवर जाते; कागदच नाही, तर कंपोझिंग कशाचे? ज्यांनी कातिबाला घरी बसवले तेही आता घरी बसू लागले. चाचांच्या मुलीने करोनाच्या साथीत दुकान बंद केले ते पुन्हा उघडले नाही.

आज ती दोन प्रकाशकांसाठी मुद्रिते तपासते. ह्या वर्षीच्या आपल्या उर्दू विभागाचा मजकूर विद्यार्थ्यांनी मोबाइलवर बोलून तयार केला आणि तपासण्यासाठी तिच्याकडे दिला, तेव्हा मी स्वतः घेऊन गेलो होतो. उर्दूत ‘ज’च्या जवळचा एकच उच्चार चार अक्षरांनी लिहिता येतो. मोबाइलला उच्चार ऐकू येतो, अर्थ कळत नाही. एका मुलाने आपला निबंध उस्तादांना ‘नज़्र’, म्हणजे अर्पण, केला होता. ह्या शब्दात ‘ज़ाल’ पाहिजे. मोबाइलने ‘ज़ोय’ घातला आणि उस्तादांना दृष्ट लागावी तशी ‘नज़र’ झाली. तिने हसत खूण केली. चाचा पलंगावर बसून होते. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. तिने ओळ वाचून दाखवली, त्यांनी दोन ठिकाणी थांबवले. एका ठिकाणी तिचीही चूक निघाली.

एकूण बत्तीस पानांत सत्तेचाळीस खुणा झाल्या. शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात ह्या वर्षी कोणाचे नाव घालावयाचे, ते संपादक मंडळाने अद्याप ठरविलेले नाही.